दंड कीं देणें?

परदेशचा प्रवास म्हणजे पूर्वीं साऱ्या आळीनें निरोप द्यावयास जमण्याचा प्रसंग असे. आतां तो पुष्कळ सुशिक्षित घरांतून नित्याचा झाला आहे. मुलगा किंवा मुलगी इंग्लंडांत नोकरीस असते; सुनेचें बाळंतपण, नातवाची मुंज किंवा नुसती उन्हाळ्याची सुट्टी, ह्यांपैकीं कांहीं तरी निमित्त होतें आणि वडील मंडळी दोन-चार महिने तिकडे जाऊन राहतात. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्यें बारा महिनेपर्यंत मोटार हांकतां येते. वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. तेव्हां एखादी मोटार भाड्यानें घेऊन सरोवरें व किल्ले पाहून यावे असें सर्वांस वाटतें, व त्यांत वावगें कांहींच नाहीं. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें मात्र त्या प्रवासाविषयीं नव्हे. प्रवास संपून, मंडळी सुखरूप घरीं येऊन, आणलेल्या वस्तु वांटून झाल्यावर जें पत्र येतें त्याविषयीं आहे.

हें पत्र दिसावयास मोठें भारदस्त असतें. त्यावर मोटारीचा क्रमांक, तारीख, आंत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ, आणि दोन्ही वेळीं यंत्रानें घेतलेलीं मोटारीचीं छायाचित्रें असतात. ठळक अक्षरांत शंभर पौंडांची मागणी असते, आणि चौदा दिवसांत भरल्यास साठ पौंड घेऊं, असेंहि सांगितलेलें असतें. शंभर पौंड म्हणजे आपले दहा हजारांहून अधिक रुपये. ज्या गृहस्थानें जन्मांत कधीं कोर्टाची पायरी चढली नाहीं, त्याच्या हातीं असें पत्र पडलें म्हणजे त्याची झोंप उडावी, ह्यांत नवल नाहीं.

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत नुकताच असा प्रसंग घडला. मोटार थोरल्या बंधूंच्या नांवें घेतलेली, चक्र पुतण्याच्या हातीं, आणि जागा म्हणजे मोठ्या हमरस्त्यावरील एक विश्रांतिस्थान. पत्र प्रवासानंतर सातव्या आठवड्यांत आलें. थोरल्यांचें म्हणणें, "परक्या राज्याचा दंड आहे, एक दिवसहि घरांत ठेवूं नये, आजच भरून टाका." धाकट्यांचें म्हणणें, "दादा, फाडून टाका तें. आपण येथें, ते तेथें. कोण येतो वसुलीला?" हा वाद चालला असतां घरांतील वृद्ध आजींनीं एकच प्रश्न विचारला, "पण त्यामुळें पोरीचा व्हिसा तर अडणार नाहीं ना?" नात पुढील वर्षीं तिकडे शिकावयास जावयाची होती. आमच्या मतें साऱ्या घरांत मुद्द्याचा प्रश्न आजींनींच विचारला. त्याचें उत्तर पुढें योग्य स्थळीं देऊं.

प्रथम त्या पत्राचें मथळ्यावरील नांव वाचावें. तीस वर्षें व्याकरण शिकविल्यामुळें एका शब्दानें अर्थ कसा पालटतो हें पाहण्याची आम्हांस संवय आहे. येथें ती उपयोगीं पडते. इंग्लंडांत 'पेनल्टी चार्ज नोटीस' म्हणून एक कागद असतो व 'पार्किंग चार्ज नोटीस' म्हणून दुसरा. दोहोंचीं आद्याक्षरें एकच, पी. सी. एन.; आणि त्यामुळेंच घोटाळा होतो. पहिला कागद स्थानिक नगरसंस्था काढते. त्यामागें कायद्यानें दिलेला अधिकार असतो. दुसरा कागद एखाद्या दुकानसंकुलाच्या, रुग्णालयाच्या किंवा विश्रांतिस्थानाच्या जागेची व्यवस्था पाहणारी खासगी कंपनी काढते. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं राजानें करावयाचा दंड आणि माणसानें माणसास द्यावयाचें ऋण हीं निरनिराळीं मानिलीं आहेत. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादान हें पहिलें आहे. त्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला कागद दंडाचा आणि दुसरा ऋणाचा. खासगी कंपनी कोणास दंड करूं शकत नाहीं. ती म्हणते तें इतकेंच कीं, तुम्हीं आमच्याशीं करार केला, तो मोडला, आतां ठरलेली रक्कम द्या. ह्यांत गुन्हा नाहीं, पोलीस नाहींत, तुरुंग नाहीं. थोरले बंधु ज्याला परक्या राज्याचा दंड समजत होते, तें एका व्यापाऱ्याचें मागणीपत्र होतें.

परंतु एवढ्यावरून धाकट्यांची बाजू खरी ठरत नाहीं. करार कोठें केला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर तेथील पाटींत आहे. जागेच्या तोंडाशीं व आंत ठिकठिकाणीं फलक लावलेले असतात. त्यांवर किती वेळ फुकट, पुढें काय दर, आणि नियम मोडल्यास किती आकार, हें लिहिलेलें असतें. तें वाचून, किंवा वाचण्याची संधि असूनहि न वाचतां, मोटार उभी केली म्हणजे अटी मान्य केल्या, असें तेथील न्यायालयें धरितात.

ह्या प्रश्नाचा शेवटचा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ४ नोव्हेंबर २०१५ रोजीं दिला. चेम्सफर्ड येथील रिव्हरसाइड नांवाच्या दुकानसंकुलांत दोन तास मोटार फुकट उभी करतां येत असे. बॅरी बेव्हिस नांवाचे गृहस्थ १५ एप्रिल २०१३ रोजीं तेथें छप्पन्न मिनिटें अधिक राहिले. पार्किंगआय ह्या कंपनीनें पंचायशीं पौंड मागितले. चौदा दिवसांत भरते तर पन्नासांवर सुटत होते. बेव्हिस यांनीं तत्त्वासाठीं लढा दिला. त्यांचें म्हणणें, छप्पन्न मिनिटांनीं कंपनीचें पंचायशीं पौंडांचें नुकसान झालेलें नाहीं. सबब ही रक्कम शिक्षा आहे, आणि कराराच्या पोटीं शिक्षा लादतां येत नाहीं. हा युक्तिवाद जुन्या इंग्रजी कायद्यास धरून होता. पण सात न्यायमूर्तींपैकीं सहांनीं तो नाकारिला. जागा अडवून न ठेवतां ती येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांस मोकळी राहावी, ह्यांत जागेच्या मालकाचें न्याय्य हित आहे. फलक ठळक होते. आणि रक्कम त्या हिताच्या मानानें अवास्तव नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. आपल्याकडील १८७२ च्या करार-कायद्याचें ७४ वें कलम वाचलेल्या वकील वाचकांस येथें थोडा निराळा सूर ऐकूं येईल. आपला कायदा करारांत लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरून तिच्या आंत वाजवी भरपाई देववितो. तिकडे मर्यादेच्या आंत असलेली व ठळकपणें सांगितलेली रक्कम सबंध मिळूं शकते. म्हणून "नुकसान काय झालें?" हा आपल्याला सहज सुचणारा प्रश्न तिकडे पुरेसा होत नाहीं.

आतां करार मोडला तो मोटार उभी करणारानें. पण पत्र येतें मोटार भाड्यानें घेणाराच्या नांवें. हें कसें? पूर्वीं खासगी जागेंत मोटारीच्या चाकास लोखंडी चिमटा लावून पैसे वसूल करीत. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनें इंग्लंड व वेल्समध्यें तो प्रकार बंद केला. स्कॉटलंडांत तो १९९२ सालींच बेकायदा ठरला होता. चिमटा गेल्यावर चालकाचा पत्ता लागेना, म्हणून त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानें, कांहीं अटी पाळल्यास, नोंदलेल्या वाहनधारकाकडून रक्कम मागण्याची मुभा दिली. कंपनी स्वान्सी येथील वाहननोंदणी कार्यालयाकडून क्रमांकावरून धारकाचें नांव मिळविते. भाड्याच्या मोटारीचा धारक म्हणजे अर्थातच ती भाड्यानें देणारी पेढी. त्या पेढीला आपल्या मानेवरील जूं भाड्यानें घेणाराच्या मानेवर ठेवतां येतें. आपल्या एकत्र कुटुंबांत कर्त्यानें केलेलें ऋण सर्वांस बांधतें. तिकडे कुटुंब कोणी पाहत नाहीं, कागदावर सही कोणाची एवढेंच पाहतात. वडिलांच्या मानासाठीं म्हणून मोटार त्यांच्या नांवें घेतली, तर मागणीहि त्यांच्याच नांवें येते.

हें जूं ठेवण्याची रीत कायद्यानें बारकाईनें घालून दिली आहे, व ती प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. यंत्राच्या छायाचित्रावरून मागणी असेल तर धारकास नोटीस चौदा दिवसांच्या आंत पोंचली पाहिजे. पेढीनें अठ्ठावीस दिवसांत तीन गोष्टी कंपनीकडे पाठवाव्या लागतात: मोटार अमक्यास भाड्यानें दिली होती असें सहीचें निवेदन, भाडेकराराची नक्कल, आणि असल्या आकारांची जबाबदारी माझी, असें भाड्यानें घेणारानें सही करून दिलेल्या पत्राची नक्कल. तेथून एकवीस दिवसांत कंपनीनें भाड्यानें घेणारास नोटीस द्यावयाची, आणि तिच्यासोबत वरील कागदांच्या व मूळ नोटिशीच्या नकला जोडावयाच्या. चौदा, अठ्ठावीस व एकवीस यांची बेरीज त्रेसष्ट. म्हणजे नऊ आठवड्यांनीं आलेलें पत्रहि वेळेंत असूं शकतें. उलट पक्षीं, नकला जोडलेल्या नसतील किंवा मुदत उलटली असेल, तर भाड्यानें घेणारा म्हणून त्याजकडे मागणी करण्याचा ह्या परिशिष्टाखालील हक्क कंपनीस राहत नाहीं. प्रत्यक्ष चालकाशीं झालेला करार मात्र तसाच राहतो, हें विसरूं नये.

ह्या नियमांची व्याप्तिहि समजून घ्यावी. चौथें परिशिष्ट स्कॉटलंडास लागू नाहीं. तसेंच ज्या जागेवर मोटारी उभ्या करण्याचें नियमन दुसऱ्या एखाद्या कायद्यानें किंवा उपनियमांनीं होतें, ती जागा त्याच्या कक्षेंत येत नाहीं. पुष्कळ विमानतळ व रेल्वेस्थानकें ह्या सदरांत पडतात. म्हणून पत्र आल्यावर जागा कोणती हें आधीं पाहावें.

पेढीविषयीं दोन शब्द. नोटीस हातीं आली कीं बहुतेक पेढ्या आपल्या श्रमाचा आकार म्हणून कांहीं पौंड ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावरून परस्पर कापून घेतात. भाडेकरारांत तशी अट असते. हा आकार मूळ मागणीहून निराळा आहे, आणि मूळ मागणी पुढें रद्द झाली तरी तो बहुधा परत मिळत नाहीं. कांहीं पेढ्या याच्याहि पुढें जाऊन मूळ रक्कम स्वतःच भरतात व ती कार्डावर टाकतात. असें झाल्यावर कंपनीशीं भांडण्यास जागा उरत नाहीं. भरलें म्हणजे मान्य केलें, असें समजलें जातें. म्हणून करारावर सही करतांनाच, "खासगी पार्किंगची नोटीस आल्यास तुम्ही ती भरतां, कीं माझें नांव कळवितां?" असें विचारावें व तें कलम दाखवून घ्यावें.

आतां पत्रास उत्तर काय द्यावें? आपली चूक खरोखर असेल, पाटी स्पष्ट असेल आणि कागद नियमाप्रमाणें असतील, तर सवलतीच्या मुदतींत रक्कम भरून मोकळें व्हावें. त्यांत कमीपणा नाहीं. संशय असेल तर लेखी तक्रार करावी. तेथील ब्रिटिश पार्किंग असोसिएशन व इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी ह्या दोन व्यावसायिक संघांनीं १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच संयुक्त आचारसंहिता स्वीकारली आहे. शंभर पौंडांची कमाल मर्यादा, चौदा दिवसांत भरल्यास चाळीस टक्के सूट, आणि परवानगीची वेळ संपल्यावर निघण्यास किमान दहा मिनिटांची सवड, हीं तींत आहेत. तक्रार नोटिशीपासून अठ्ठावीस दिवसांत प्रथम कंपनीकडेच करावयाची. तिनें नाकारल्यास पहिल्या संघाच्या कंपन्यांविरुद्ध पॉप्ला नांवाच्या त्रयस्थ मंडळाकडे विनामूल्य दाद मागतां येते. तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, मोटारवाल्यावर नसतो. मात्र पॉप्लाकडे गेल्यावर सवलतीची रक्कम बहुधा उरत नाहीं. दुसऱ्या संघाचें असेंच निराळें मंडळ आहे. पार्लमेंटानें सरकारी आचारसंहितेसाठीं २०१९ सालीं कायदा केला, तदनुसार फेब्रुवारी २०२२ मध्यें संहिता प्रसिद्धहि झाली, परंतु जूनमध्यें ती मागें घेण्यांत आली. त्या पोकळींतच व्यावसायिकांची ही संहिता आलेली आहे, इतकें ध्यानांत असूं द्यावें.

तक्रारींत रागाचे शब्द नसावे व असत्य तर मुळींच नसावें. तारीख, वेळ, पावती व छायाचित्र हींच तेथें बोलतात. भाड्याच्या मोटारीचा क्रमांक अंगवळणीं पडलेला नसतो. यंत्रांत तो टाइप करतांना शून्य व 'ओ' हें अक्षर यांची अदलाबदल सहज होते. पैसे भरल्याची पावती दाखविल्यास असली एका अक्षराची चूक माफ करण्याचा प्रघात आहे. वर सांगितलेल्या कुटुंबाचें असेंच झालें. फुकट दोन तासांनंतर मंडळी चाळीस मिनिटें अधिक राहिली होती, हें खरें. लांबच्या प्रवासानें थोरल्यांस चक्कर आली, म्हणून त्यांस पडून राहूं दिलें होतें. पुतण्यानें तेथील उपाहारगृहाचीं दोन बिलें जपून ठेविलीं होतीं. त्यांवर वेळ छापलेली होती. घडलें तसें एका पानांत लिहून, बिलें जोडून, पत्र धाडलें. तीन आठवड्यांनीं मागणी रद्द झाल्याचें उत्तर आलें. पेढीनें कापलेला आकार तो गेलाच.

तक्रार प्रत्येक वेळीं अशी सफल होईलच असें नाहीं. पण न देणें व न लिहिणें हा तिसरा मार्ग सर्वांत वाईट, आणि आजींच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. केवळ नोटीस आल्यानें व्हिसा अडत नाहीं; तो गुन्हा नाहीं. परंतु पत्रें टाकून दिलीं तर प्रकरण वसुली करणाऱ्याकडे जातें व सत्तर पौंडांपर्यंत भर पडूं शकते. हे वसुलीवाले कोर्टाचे बेलीफ नव्हेत. त्यांस घरांत शिरण्याचा अधिकार नाहीं. पुढें कंपनी दिवाणी दावा लावूं शकते. दाव्याचा कागद तिकडील मुलाच्या पत्त्यावर पडून राहिला व कोणी उत्तर दिलें नाहीं, तर एकतर्फी निकाल होतो. निकालाची रक्कम महिन्याच्या आंत न भरल्यास तो सहा वर्षें नोंदवहींत राहतो. आणि ब्रिटिश व्हिसाच्या अर्जांत अर्जदाराविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा निकाल आहे काय, असा प्रश्न विचारलेला असतो. म्हणजे नातीच्या अर्जास आजोबांच्या नोटिशीमुळें बाध येत नाहीं; पण आजोबांस पुन्हां नातवंडांना भेटावयास जावयाचें असेल तेव्हां, आपण दुर्लक्षिलेला कागद त्यांच्याच अर्जांत त्यांची वाट पाहत असेल. संस्कृतांत घट्टकुटीप्रभात म्हणून एक न्याय आहे. जकात चुकविण्यासाठीं गाडीवान रात्रभर आडवाटांनीं भटकला, आणि पहांट झाली तेव्हां गाडी नेमकी जकातनाक्याच्याच दारांत उभी होती. "ते तेथें, आपण येथें" म्हणणारांनीं हा गाडीवान आठवावा.

शेवटीं, जाणाऱ्या मंडळींसाठीं थोडी पूर्वतयारी. भाडेकरारांत पत्ता लिहितांना जेथें टपाल रोज उघडलें जातें तोच द्यावा. तिकडे मुलगा असल्यास त्याचा द्यावा व त्यास तसें सांगून ठेवावें, कारण भारतापर्यंत टपाल येईतों सवलतीचे चौदा दिवस निघून जातात. इंग्लंडच्या हमरस्त्यांवरील विश्रांतिस्थानांत दोन तास फुकट राहतां येतें. अधिक विसावा हवा असेल तर आधींच पैसे भरावे. यंत्र मोटार आंत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची वेळ मोजतें, उभी केल्यापासूनची नव्हे. जागा शोधण्यांत गेलेलीं मिनिटें धरून हिशेब ठेवावा. हीथ्रो विमानतळावर प्रवाशास सोडावयास नेणाऱ्या मोटारीस नोव्हेंबर २०२१ पासून आकार आहे. तेथें फाटक नाहीं, पैसे घेणारा मनुष्य नाहीं, दुसऱ्या दिवशीं मध्यरात्रीच्या आंत आपण होऊन भरावयाचे असतात. निरोपाच्या गडबडींत तें राहून जातें. पोंचवावयास येणाऱ्या मुलास ह्याची आठवण द्यावी. मोटार भाड्याची असेल तर विशेषच.

पाटीचें छायाचित्र, पावती व भाडेकरार हीं तीन एका पाकिटांत घालून निदान सहा महिने जपावीं. हें काम घरांतील ज्या व्यक्तीस कागद जपण्याची संवय आहे तिच्याकडे सोंपवावें. बहुतेक घरांत ती गृहिणीच असते, व आमच्या अनुभवास तिच्या डब्यांतून हरवलेला कागद अद्याप आलेला नाहीं.